1600 तास कोल्हापुरात कुणाचा एसी चालतो?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पुरवणीत उन्हाळी खरेदीचं पान आलं, त्यात एसीच्या फोटोखाली चौकट होती की 3 स्टारऐवजी 5 स्टार घेतला तर वर्षाला साडेतीन-पावणेचार हजार वाचतात आणि जास्तीचे घातलेले पैसे अडीच वर्षांत वसूल होतात. हेच वाक्य मला गेल्या वर्षी मार्चमध्ये दुकानातल्या पोरानं पण ऐकवलेलं, आकड्यासकट, आणि मी त्याच्यावर एक अख्खा उन्हाळा हिशोब केलाय म्हणून हे पत्र लिहितोय. आकडा खोटा नाही. पण तो कोल्हापूरचा नाही, आणि लोक कर्ज काढून, ईएमआय लावून एसी घ्यायला निघालेत तेव्हा हे कुणीतरी सांगितलं पाहिजे.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, 22 वर्षं झाली. आमच्याकडं भट्टी किती युनिट खाते आणि टनाला किती पडलं हे रोज फळ्यावर लिहायचं असतंय, त्यामुळं कुणी "वीज वाचते" म्हणलं की माझ्या तोंडातून आपोआप येतं, किती युनिट, किती तासाला, कुठल्या रेटनं. ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर त्याला बचत म्हणायचं नाही, नुसता अंदाज म्हणायचा.

आमचं घर फुलेवाडीत, वर एकच खोली आणि तिच्यावर उघडा स्लॅब. पोरगी बारावीला, अभ्यास वरच करते. मार्चच्या सुरुवातीलाच रात्री दहाला त्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर गरम, छताकडनं तर तव्यासारखी धग येत होती. पोरगी ओला टॉवेल मानेवर टाकून बसलेली बघितली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

दुकानात दीड टनाचे दोन एसी शेजारी शेजारी लावलेले. एकावर 3 तारे, एकावर 5, किमतीत 9 हजारांचा फरक. ताऱ्यांच्या खाली लेबलवर एक आकडा असतो, तो बहुतेक लोक बघतच नाहीत, वर्षाला किती युनिट जळतील त्याचा. 3 स्टारवर साधारण 1000 होता, 5 स्टारवर 780. फरक 220 युनिटचा. पोरगा म्हणला 220 गुणिले 17 रुपये, झाले 3740, 9 हजाराला भागा, अडीच वर्षं. गुणाकार बरोबर होता. पण त्याच लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय की हे युनिट 1600 तासांसाठी आहेत. 1600 तास म्हणजे रोज 8 तास धरले तर 200 दिवस. सांगा, कोल्हापुरात 200 दिवस कुणाच्या घरी एसी चालतो?

हे 1600 कुठनं आलं तेही सांगतो. केंद्राचं ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई, त्यांनी स्टारची योजना 2006 ला सुरू केली, खोलीच्या एसीवर लेबल सक्तीचं झालं 2010 ला. पुढं 2018 पासून आयसीर नावाचं माप, म्हणजे हंगामभरात युनिटमागं किती गारवा मिळतो ते, सक्तीचं केलं, त्यात बाहेरचं तापमान 24 पासून 43 डिग्रीपर्यंत कुठल्या डिग्रीला वर्षातनं किती तास धरायचे याचा एक तक्ता आहे, त्याची बेरीज 1600. सगळ्या देशाला मिळून एकच तक्ता. एसी एकमेकांशी ताडून बघायला असं एकच माप लागतंच, त्यात चूक काही नाही, गाडीचं कंपनी मायलेज असतं तसं समजा. पण आपण पेट्रोलचा खर्च काढताना आपण किती किलोमीटर फिरतो ते घालतो की नाही? मग एसीचा काढताना आपले तास का घालत नाही?

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. दुपार एप्रिलमध्ये भाजून काढते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर पंचगंगेकडनं वारं सुटतं, आणि एप्रिल-मे मध्ये एखादा वळीव आला की दोन-तीन रात्री पंख्यावर निघतात. जून उजाडला की पाऊसच. आम्ही गेल्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहिले, पोरगीच लिहायची, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बेरीज आली 630 तास. दसरा-दिवाळीच्या मधल्या ऑक्टोबर हीटमध्ये चार-पाच रात्री लावला असेल तेवढाच, तो धरलाच नाही.

आता हिशोब परत करा. 220 युनिट 1600 तासांना, तर 630 तासांना 87 युनिट. संपलं. वर्षाचे 220 नाहीत, 87.

आणि रेट. 17 रुपये हा रेट कुठला? महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी असतं, 100 पर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्याच्यावर चौथा, आणि एका टप्प्यातून पुढं गेलो म्हणून मागच्या युनिटचा रेट बदलत नाही, फक्त पुढच्या युनिटला पुढचा लागतो. सोयीसाठी वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचा, आणि 16 टक्के वीज शुल्क सगळं आत घेऊन पहिल्या टप्प्याला 7, दुसऱ्याला 13, तिसऱ्याला 17 धरतो, तुमच्या बिलावर आज जे असेल ते तुम्ही घाला. बचत नेहमी वरच्या टोकाकडनं कापली जाते. म्हणजे माझं शेवटचं युनिट ज्या टप्प्यात पडतं त्या रेटनं ती मोजायची. काही लोक एकूण बिल भागिले एकूण युनिट करून सरासरी रेट काढतात, तेही चूक, कारण त्यात स्थिर आकार येतो आणि तो एसी कुठलाही असो भरावाच लागतोय.

आमचं घर एसीशिवाय महिन्याला 180 युनिटचं. मे महिन्यात एसी 210 तास चालला. लेबलच्या हिशोबानं 3 स्टारचे 131 युनिट, 5 स्टारचे 102. म्हणजे 3 स्टारनं बिल 311 वर जातं, 5 स्टारनं 282 वर राहतं. ह्या 29 युनिटातले 11 फक्त 300 च्या वर आहेत, ते 17 नं, उरलेले 18 आहेत 13 नं. 187 अधिक 234, महिन्याला 421 रुपये. तीन महिन्यांचे साधारण 1260.

9 हजार भागिले 1260 केलं तर सात वर्षं. अडीच नाही. आणि ह्यात 9 हजारावरचं व्याज धरलेलं नाही.

म्हणजे 5 स्टार घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं हेडिंग देऊ नका. माझ्या साडूचा मुलगा नागाळा पार्कात राहतो, पुण्याच्या कंपनीचं काम घरातनं करतो, दिवसा 8 तास आणि रात्री 7 तास एसी, फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत शंभर दिवस. 1500 तास झाले. त्याचं घर एसीशिवायच 300 ला टेकलेलं, त्यामुळं त्याचं वाचलेलं प्रत्येक युनिट कमीत कमी 17 च्या टप्प्यातलं. त्याला वर्षाला निदान 3500 वाचतात, अडीच-पावणेतीन वर्षांत पैसे परत, त्यानं 5 स्टारच घेतला पाहिजे आणि मीच त्याला घ्यायला लावला. एसी तोच, लेबल तेच, गाव तेच, आणि माझ्या नि त्याच्या हिशोबात एवढा फरक. म्हणूनच सगळ्यांसाठी एकच "वर्षाला इतके वाचतात" छापणं मला पटत नाही.

आम्ही 3 स्टार घेतला, इन्व्हर्टरचाच, म्हणजे खोली गार होत आली की मशीन आपोआप हळू करणारा. आता राहिलेल्या 9 हजारांचं काय केलं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

एसी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो खरंच किती खातो ते मोजायचं ठरवलं. त्याला काही विकत आणावं लागत नाही. महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरवरच लिहिलेलं असतं एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, आमच्या मीटरवर 3200 आहे. म्हणजे मिनिटाला एकदा लुकलुकला तर 18.75 वॅट. रात्री साडेदहाला घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा पण प्लग काढला, फक्त वरचा एसी चालू, मी जिन्याखाली मीटरसमोर स्टूल टाकून बसलो आणि पोरगी वरनं मोबाईलचा टायमर बघून "सुरू" आणि "बास" ओरडायची. पहिल्या मिनिटाला 80. म्हणजे 1500 वॅट. अकराला 78. सव्वाअकराला पण 70 च्या वर. मला वाटलेलं इन्व्हर्टर अर्ध्या तासात खाली येईल, पण खोली गार होईना कारण वरनं स्लॅब दिवसभराचं ऊन खाली सोडत होता. साडेबाराला कुठं 40 वर आला, एकच्या पुढं 24, म्हणजे 450 वॅट. मग सकाळपर्यंत मिनिटाला 24च.

लेबलप्रमाणं 7 तासांना 4.4 युनिट यायला पाहिजेत, त्या रात्री मीटरवर वाढले 5.3. एका रात्रीवर भरवसा नको म्हणून पुढं पाच रात्री घेतल्या, पाच-सव्वापाचच्या खाली एकदा पण नाही.

मग रविवारी स्लॅबवर चुना मारला. आधी खराट्यानं घासून काढला, साखर कारखान्याची काळी राख पडलेली असते हंगामभर, ती धुतल्याशिवाय चुना धरत नाही. मग दोन हात. चुना, त्यात चिकटपणाला घातलेला डिंक आणि ब्रश धरून 600 रुपये आणि मी नि मेहुणा मिळून अर्धा दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी अनवाणी स्लॅबवर उभा राहता आलं, आधी चप्पल घालून पण पळत जायला लागायचं. परत पाच रात्री मोजलं. साडेचार युनिट. मिनिटाचे 80 लुकलुक अर्ध्या तासात 45 वर आलेले. ऊन रोज सारखं नसतं हे मान्य, म्हणून छातीठोक सांगत नाही, पण रात्रीला पाऊण युनिटाचा फरक माझ्या घरात माझ्या डोळ्यादेखत पडलाय. 90 रात्रींचे साधारण 67 युनिट. 5 स्टारनं 87 वाचले असते 9 हजारात, चुन्यानं 67 वाचवले 600 रुपयांत. दर वर्षी परत मारावा लागतो तो धरून.

आमच्या आईच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात कौलं आहेत, खाली माळा, भिंती दोन हात रुंद. तिथं मे महिन्यात दुपारी दोनला पंख्याखाली झोप लागते. नवीन घरं आपण भट्टीसारखी बांधली आणि मग भट्टी गार करायला मशीन घेतोय, हे मला भट्टीवर काम करणाऱ्याला तर फारच जाणवतं.

दुसरं, पंखे. ह्याच्याबद्दल तुमच्या पानावर एक ओळ नव्हती म्हणून जास्त वाईट वाटलं. साधा छताचा पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचा 30 च्या आसपास. मी दोन्ही त्याच लाल दिव्यावर मोजले, जुना पाच मिनिटांत 20 वेळा, नवीन 8 वेळा. 45 वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पंखा एसीसारखा 630 तास चालत नाही. आमच्या बेडरूमचा पाचवर रोज 12 तास, वर्षातनं नऊ महिने, पावसात सुद्धा डासांमुळं लावावाच लागतो. 3240 तास होतात. 146 युनिट. एका पंख्याचे! ते पण बहुतेक 101 ते 300 च्या टप्प्यातले, 13 नं 1900 रुपये वर्षाला. साध्या पंख्यापेक्षा 1200 रुपये जास्त पडले, आठ महिन्यांत परत आले. एसीच्या राहिलेल्या पैशातनं आम्ही बेडरूमचा आणि हॉलचा बदलला, देवघराचा आणि पाहुण्यांच्या खोलीचा नाही बदलला कारण ते चालतातच किती. पंख्यांवर पण 1 जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, दुकानात विचारलं तर दाखवतात, पण विचारावं लागतं.

म्हणजे एका पंख्यानं 146 युनिट आणि 5 स्टारनं 87. हे मी घरात सांगितलं तर बायकोला खरं वाटेना, तिनं स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन केलं.

तिसरी गोष्ट फुकटची आहे. एसी 24 वर चालू होतो कारण 2020 पासून नवीन एसीला तशी डिफॉल्ट सेटिंग द्यायची असा नियम आलाय, पण लोक रिमोट घेतला की पहिल्यांदा 18 करतात, लवकर गार होईल म्हणून. 18 केल्यानं खोली काही फारशी लवकर गार होत नाही, मशीन थांबायचं नाव घेत नाही एवढंच. बीईईचं म्हणणं एका डिग्रीला साधारण 6 टक्के वीज. आम्ही 26 ला लावतो आणि पंखा दोनवर, पोरगी पहाटे पांघरूण ओढून घेते. 131 युनिटचे 6 टक्के म्हणजे डिग्रीला 8 युनिट महिन्याला, दोन डिग्रीचे 16. आणि जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, आपल्याकडं धुरळा आणि राख दोन्ही असल्यानं पंधरा दिवसांत ती गोणपाटासारखी होते.

कूलरचं पण जाता जाता सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते तोवर कूलर बरा, 180 वॅटचा धरला तर रात्रीला सव्वा युनिट, एसीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त. वळीव पडून दमटपणा आला की त्याचा उपयोग नाही, नुसतं चिकट होतं. खालच्या हॉलला आम्ही तोच ठेवलाय. छतावर सोलर असणाऱ्यांचं गणित अजून वेगळं, त्यांचं युनिट त्यांना कितीला पडतं त्यावर सगळं, ते त्यांनी त्यांच्या बिलावर करावं.

आणि एक, तारे मोजू नका, युनिट बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, 2018 ला झाले, 2022 ला झाले, त्यामुळं जुना 5 स्टार आणि नवीन 5 स्टार एकच नव्हेत. लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे ते छापलेलं असतंय. सेलमध्ये जुना माल निघतो तेव्हा हे बघितलंच पाहिजे.

साहेब, माझी विनंती एवढीच आहे. त्या चौकटीच्या जागी पुढच्या रविवारी दुसरी चौकट टाका, त्यात आयता आकडा देऊ नका, रिकाम्या जागा ठेवा. लेबलवरच्या दोन्ही युनिटातला फरक, माझे तास भागिले 1600, माझ्या मे महिन्याच्या बिलातलं शेवटचं युनिट कुठल्या टप्प्यात पडलं त्याचा रेट, आणि दोन एसींच्या किमतीतला फरक. मे महिन्याचा आकडा शोधायला लांब जावं लागत नाही, बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. माणूस पेपर घेऊन दुकानात जाईल, पेनानं भरेल, तिथंच पाच मिनिटांत त्याला कळेल आपल्याला सात वर्षं लागणार की अडीच. दुकानदारांचं त्यात काही नुकसान नाही, ज्याला 5 स्टार खरंच परवडतो तो जास्त खात्रीनं घेईल. आणि दुसरीकडं पंखा आणि स्लॅबवरचा चुना ह्याला पण चार ओळी द्या, कारण राजारामपुरीतल्या फ्लॅटवाल्यापासून उचगावच्या भाड्याच्या खोलीपर्यंत पंखा सगळ्यांकडं आहे, एसी नाही.

कुणाला मीटरवर मोजून बघायचं असेल तर मी रविवारी मोकळा असतो, फुलेवाडी-रंकाळा भागात कुठंही येईन, पैसे नकोत, फक्त फ्रिजचा प्लग आधी काढून ठेवा.

आपला नियमित वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर

ता.क. पोरगीनं आत्ता आठवण केली, मीटरचा आकडा घराघरात वेगळा असू शकतो, 3200 च असेल असं नाही. मीटरवर जे लिहिलं असेल त्यानं 60 हजाराला भागायचं, ते झाले एका मिनिटाच्या एका लुकलुकीचे वॅट. हे छापताना गाळू नका.